गुडघे दुखतात आणि फिजिओ म्हणते पोट घट्ट करा : कोअरच्या व्यायामाबद्दल अनुभव हवेत

शेवंती | ३ जून, सकाळी ११:२०

मी ५९ वर्षांची, मिरजेत राहते. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं पाय धरल्यासारखे असतात, मग चालते होतात. जिना उतरताना कळ येते. खाली मांडी घालून बसणं तीन वर्षांपूर्वी सुटलं. गौरीच्या हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीवर, याचं मला दुखण्याइतकंच वाईट वाटतं.

मागच्या दिवाळीनंतर एका डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रेवर ग्रेड २ ची झीज निघाली. "वंगण संपलंय, आज ना उद्या सांधे बदलावे लागतील" म्हणाले. गोळ्या आणि नी-कॅप लिहून दिली. व्यायाम करू का, असं विचारलं तर "आता जपून राहा" एवढंच उत्तर मिळालं. मी जपून राहिले. संध्याकाळचं चालणं बंद केलं, भाजी घरी मागवायला लागले, वरच्या मजल्यावर जाणं टाळलं. चार महिन्यांत वजन चार किलोंनी वाढलं आणि गुडघे जास्तच दुखायला लागले.

मार्चमध्ये भाचीच्या आग्रहाने एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने गुडघा तपासला, पण त्यात फार वेळ घालवला नाही. मला आरशासमोर उजव्या पायावर उभं केलं आणि म्हणाली, "काकू, गुडघ्याकडे नको, कंबरेकडे बघा." डाव्या बाजूची कंबर चांगली दोन बोटं खाली उतरली होती. मग पाठीवर झोपवून एक पाय सरळ उचलायला सांगितला. पाय उचलला तसा बेंबीच्या वर पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला आणि कंबर गादीवरून सुटली. बाळंतपणं किती, तिने विचारलं. दोन. दुसरं सिझेरियन, १९९३ चं. नंतर पोटाचा काही व्यायाम कुणी सांगितला होता का? नाही. जुनी सुती साडी पोटाला घट्ट बांधायची, एवढं आईने सांगितलं होतं आणि तेवढं मी केलं होतं.

तिने जे शिकवलं ते तपशिलात लिहिते, कारण मला स्वतःला असं कुठे वाचायला मिळालं नाही. खाटेवर पाठीवर झोपायचं, गुडघे सोसतील तेवढे वाकवून. कंबरेच्या पुढच्या दोन हाडांच्या आत बोटं ठेवायची. श्वास सोडता सोडता ओटीपोट आत घ्यायचं, परकराची नाडी बांधताना घेतो तसं, पण हलकं. पूर्ण जोर लावायचा नाही. त्याच वेळी लघवी रोखून धरतो तसा खालचा स्नायू वर ओढायचा. बोटांखाली काहीतरी ताठ झाल्याचं कळतं. मग मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं, म्हणजे श्वास अडत नाही. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

पहिले दोन आठवडे फक्त हेच. नंतर ओटीपोट तसंच धरून एक टाच गादीवरून सरकवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. मग दोन्ही पाय टेकवून कंबर उचलायची, सेतुबंधासनासारखी, पण थोडीशीच. हे जमतंय.

अडलंय ते पुढे. आता तिने हातापायांवर रांगत्या अवस्थेत यायला सांगितलं. गुडघा जमिनीवर टेकवला की वाटीखाली असं काही टोचतं की डोळ्यांत पाणी येतं. उशी घेऊनही तेच. ती आता बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे आणि तिच्या जागी आलेला मुलगा म्हणतो की रांगत्या अवस्थेशिवाय कोअर होत नाही.

आणखी एक. हे लिहू की नको यात दोन दिवस गेले. मला खोकताना, शिंकताना थेंब थेंब लघवी होते. चालायला बाहेर पडायचं मी टाळते त्यातलं अर्धं कारण हे आहे. ही गोष्ट गुडघ्यांच्या डॉक्टरांना मी कधी सांगितली नाही, त्यांनीही विचारली नाही. इथे कुणाचं असं आहे का?

डोंगरवाट | ३ जून, दुपारी ३:०५

शेवंतीताई, माझं सगळं असंच, फक्त वय ५४ आणि डावा गुडघा. थेंबांचंसुद्धा. लिहिलंत म्हणून धन्यवाद, आपल्या बायका हे बहिणीलाही सांगत नाहीत.

मी योगवर्गाला जाते. तिथे जेवणानंतर वज्रासन सक्तीचं आहे, "त्यानेच गुडघे सुटतात" म्हणून. मी दात आवळून बसते. हे बरोबर आहे का, जाणकारांनी सांगावं. दुसरं, पालखी पुण्यात आली की मैत्रिणींबरोबर सासवडपर्यंत चालायचं ठरवते आहे. झेपेल?

केतकी२२ | ३ जून, रात्री ९:४८

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं काम करते आहे, निम्म्याहून जास्त पेशंट गुडघ्याचे आणि त्यात बहुतेक पन्नाशीपुढच्या बायका. शेवंतीताई, तुमच्या फिजिओने आरशासमोर जे दाखवलं ते अगदी मुळातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या क्षणी कंबर समतोल धरायचं काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू करतो, ग्लुटियस मीडियस. तो कमजोर असला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते, वजन आतल्या बाजूला सरकतं आणि गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर भार वाढतो. आपल्याकडे झीज जास्त करून त्याच कप्प्यात दिसते, म्हणून तर पाय हळूहळू धनुष्यासारखे बाकदार होतात. खुब्याचा हा स्नायू ओढणार कशाच्या आधाराने? कंबरेच्या आणि धडाच्या. तंबूचा मधला खांब हलता असला तर दोऱ्या कितीही ताणा.

कोअर म्हणजे पोटावरच्या सहा वड्या नव्हेत. एक डबा समजा. वरचं झाकण म्हणजे श्वासपटल, तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मागे मणक्यालगतचे बारीक स्नायू, आणि पुढून-बाजूंनी कमरपट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू, ट्रान्सव्हर्स ॲब्डॉमिनिस. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी या स्नायूत बारीक तारा घालून मोजमाप केलं. निरोगी माणसाने हात किंवा पाय हलवायच्या आधीच हा स्नायू आवळतो. ज्यांची कंबर दुखत होती त्यांच्यात तो उशिरा जागा होत होता. ते संशोधन कंबरदुखीचं आहे, गुडघ्याचं नाही, पण पाय उचलण्याआधी धड तयार असावं लागतं हे त्यातून कळतं.

आता थेंबांचा प्रश्न. डब्याचा तळ सैल असेल आणि वरून श्वास रोखून जोर दिला, तर दाब खालीच जाणार. म्हणून या बायकांना सरळ उठाबशा किंवा दोन्ही पाय एकदम उचलण्याचे व्यायाम देऊ नयेत. पोटात मधोमध उंचवटा येत असेल तर तो व्यायाम आज तुमच्यासाठी जड आहे, एक पायरी मागे या. लघवी रोखण्याच्या स्नायूचा व्यायाम अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला आणि आजही पहिला उपाय तोच आहे. फक्त प्रत्यक्ष लघवी चालू असताना अडवून सराव करू नका. तीन महिने नेटाने करूनही फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

रांगती अवस्था अजिबात आवश्यक नाही. त्या व्यायामाचा हेतू एवढाच की हात आणि विरुद्ध पाय हलत असताना धड हलू नये. तो उभ्यानेही साधतो. ओट्यावर दोन्ही कोपरं टेकवा, पाय एक पाऊल मागे घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ. ओटीपोट धरा. जमलं की एक पाय मागे चार बोटं उचला, कंबर न फिरवता. मग विरुद्ध हातही ओट्यावरून सोडा. एका कुशीवर कोपरावर उचलायचा व्यायामही तसाच भिंतीला करता येतो, कोपर भिंतीला, शरीर तिरकं. गुडघ्यावर वजन नाही आणि पोटाच्या बाजूचा स्नायू छान कामाला लागतो.

ओटा कोरडा असू द्या आणि पायांत मोजे नकोत.

डोंगरवाट, दात आवळून वज्रासन करू नका. गुडघा पूर्ण दुमडला की वाटीमागचा दाब खूप वाढतो. ज्यांना दुखत नाही त्यांनी खुशाल बसावं. तुम्ही त्या वेळात खुर्चीत ताठ बसा. पुणे-सासवड एका दिवसात यंदा नको, दिवे घाटासकट तो तीस किलोमीटरच्या आसपासचा टप्पा आहे. आज किती चालू शकता? तिथून आठवड्याला थोडं थोडं वाढवा, यंदा शहरातल्या शहरात चाला.

तिरफळ | ४ जून, सकाळी ८:३०

वाचते आहे, आणि एक बाजू मांडायची आहे. मी मालवणची, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. आईच्या गुडघ्यांसाठी मी बरेच शोधनिबंध वाचले.

खुबा बळकट केला की गुडघ्यावरचा भार कमी होतो हे ऐकायला पटतं. पण मेलबर्नच्या किम बेनेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. आतल्या कप्प्याची झीज आणि बाकदार पाय असलेल्या लोकांना खुब्याचे व्यायाम दिले. दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली, पण गुडघ्यावरचा भार मोजला तर तो बदललेला नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेत ३७७ जणांवर १८ महिने चाललेला अभ्यास आला. एका गटाला जड वजनांचे व्यायाम, एकाला हलके, तिसऱ्याला फक्त आरोग्यविषयक माहितीचे वर्ग. शेवटी दुखण्यात जड व्यायामाचा गट इतरांपेक्षा सरस ठरला नाही.

व्यायाम करू नका असं मी म्हणत नाही. पण फिजिओ आणि योगशिक्षक "भार कमी होतो म्हणून दुखणं जातं" असं छातीठोक सांगतात तेव्हा बायका सहा आठवड्यांत चमत्काराची वाट बघतात आणि तो झाला नाही की सगळंच सोडतात. माझ्या आईने तसंच सोडलं.

केतकी२२ | ४ जून, दुपारी १:१५

तिरफळ, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि तो इथे आला हे बरं झालं. बेनेल यांचा निष्कर्ष मला माहीत आहे, काल लिहिताना मी तो सांगायला हवा होता. भार न बदलताही दुखणं कमी झालं, म्हणजे व्यायाम दुसऱ्या वाटेनेही काम करतो. पायावरचा विश्वास, मांडीची ताकद, हालचालीची भीती जाणं, झोप, वजन, हे सगळं त्यात आहे. कोअरच्या व्यायामाचा वेगळा काढून मोठा पुरावा नाही. मोठा पुरावा आहे तो एकंदर नियमित व्यायामाला. म्हणून कोअर हा एकमेव इलाज म्हणून मी कधीच देत नाही. मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम आणि चालणं नीट करता यावं म्हणून तो पाया घालते.

२०२१ च्या अभ्यासातून मी एक गोष्ट घेतली. जड वजनं उचलावीच लागतात असं नाही. साठीच्या बाईला हे ऐकून किती हायसं वाटतं, ते मी रोज बघते.

ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांधेझिजेच्या प्रत्येक पेशंटला व्यायाम सुचवा असं आहे, आणि सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं हे त्यांना सांगा, असंही आहे. हे आधी सांगितलं तर लोक घाबरून सोडत नाहीत. तुमच्या आईंना ते कुणी सांगितलं नसावं.

रेवा_ओडेन्स | ४ जून, रात्री ११:५२

मी डेन्मार्कमध्ये राहते, मूळची नाशिकची. इथे गुडघा-खुब्याच्या झिजेसाठी ग्लॅड नावाचा कार्यक्रम आहे, २०१३ पासून. आमच्या गावच्या विद्यापीठातच तो तयार झाला. मी मागच्या वर्षी केला. आधी माहितीचे दोन वर्ग, मग आठवड्याला दोनदा असे व्यायामाचे १२ वर्ग. माझ्या गटात सात जण होते, मी सोडून सगळे डॅनिश, सगळ्यात वयस्कर आजी ८१ च्या.

धागा वाचून आठवलं, कारण तिथे गुडघ्याच्या व्यायामांची सुरुवातच पोटापासून व्हायची. दहा मिनिटं सायकल, आणि मग चार टप्पे. पहिला धड स्थिर ठेवण्याचा. पाठीवर झोपून टाचा मोठ्या चेंडूवर ठेवायच्या आणि कंबर उचलायची. चेंडू हलला की कळतं पोट सैल सुटलंय. त्यानंतर आरशासमोर एक पाय पुढे-मागे सरकवणं, उभ्या पायाचा गुडघा पायाच्या बोटांच्या रेघेत ठेवून. मग रबरी पट्ट्याने ताकद. मग खुर्चीतून उठणं-बसणं आणि पायरी चढणं. मी घरी चेंडूऐवजी घट्ट गुंडाळलेली रजई वापरते.

सगळ्यात उपयोगाची पडली ती दुखण्याची मोजपट्टी. शून्य ते दहा. दोनपर्यंत निर्धास्त, पाचपर्यंत चालेल, पाचच्या वर गेलं तर थांबा आणि व्यायाम हलका करा. आणि २४ तासांत दुखणं व्यायामाआधी होतं तिथे परत आलं पाहिजे. आलं नाही तर पुढच्या वेळी कमी करायचं. बंद करायचं नाही, कमी करायचं. आधी मला थोडं दुखलं की वाटायचं, हाडाचा चुरा होतोय. ती भीती त्या मोजपट्टीने गेली.

शेवंती | ५ जून, सकाळी ७:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल केतकीताईंनी सांगितलं तसं ओट्याला कोपरं टेकवून केलं. १५ सेकंदांत पोट थरथरायला लागलं आणि गुडघ्यात काहीही नाही! रेवा, मोजपट्टी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली आहे.

बोरीबाभळी | ७ जून, रात्री १०:३०

माझ्या आईसाठी विचारतो. आम्ही बीड जिल्ह्यातले. आई-वडिलांनी २२ वर्षं ऊसतोड केली, दर वर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात. आई आता ५२ ची आहे. दोन्ही गुडघे बाकले आहेत. आईची पिशवी ३४ व्या वर्षी काढली. पोटात दुखतंय म्हणून गेली होती, कॅन्सर होईल अशी भीती घातली आणि आठवड्यात ऑपरेशन. खाडा झाला की मुकादम पैसे कापायचा, म्हणून महिन्याभरात पुन्हा फडात. २०१९ ला आमच्याकडच्या बायकांच्या या ऑपरेशनांवरून विधिमंडळात चर्चा झाली, समिती बसली, तेव्हा आईला पहिल्यांदा कळलं की आपल्याबाबतीत घडलं ते एकटीचं नव्हतं.

तिला पोटाचा व्यायाम म्हटलं की भीती वाटते. "आतून सगळं काढलंय, टाका तुटला तर?" म्हणते. तिने करावा का? फिजिओ आमच्यापासून ६० किलोमीटरवर आहे. आणि तिला व्यायाम या शब्दाचाच राग आहे, "जल्मभर व्यायामच केला" म्हणते. त्यावर मला बोलता येत नाही.

केतकी२२ | ८ जून, सकाळी ९:००

दादा, आईंचं म्हणणं खरं आहे. त्यांनी केले ते कष्ट, आणि तेही वाकून, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत. त्याला व्यायाम म्हणून त्यांच्या रागाचा अपमान करू नका. "पाय मोकळे करायचे" म्हणा.

पिशवी काढून १८ वर्षं झाली, टाके केव्हाच भरले. श्वास सोडत ओटीपोट हलकेच आत घेण्याने काही तुटत नाही. मात्र ऑपरेशनचे कागद असतील तर बघा, बीजकोषही काढले होते का? ते काढले असतील तर पाळी जाण्याचा परिणाम त्यांच्या शरीरावर फार लवकर, एकदम झाला असणार, आणि हाडांची ठिसूळता तपासून घ्यायला हवी. खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं का, हेही बहिणीला किंवा बायकोला विचारायला सांगा. तुम्हाला त्या सांगणार नाहीत. तसं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.

एवढं बघून झालं की तीन गोष्टींनी सुरुवात करा. बाजेवर पडून ओटीपोट धरणं, शेवंतीताईंनी लिहिलंय तसं. बाज फार झोळ असेल तर सतरंजीवर नको, उठताना गुडघ्यांचे हाल होतील, फळीच्या पलंगावर. दुसरं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं, मांडी घट्ट करून पाच मोजणं. तिसरं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, पाय किंचित मागे, बोटं पुढे. तो खुब्याचा स्नायू. प्रत्येकी आठ-दहा, दिवसातून दोनदा. दुखरा गुडघा गरम, लाल, सुजलेला असेल, ताप असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा पोटरी एकाएकी सुजली असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टर.

काठी घेत असतील तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे निम्मे लोक चुकतात.

पारिजातक | ९ जून, संध्याकाळी ६:४५

वजनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. मी ७८ वरून ७२ वर आले, दीड वर्ष लागलं. रात्रीचा भात सोडला, डाळी-उसळी वाढवल्या. जिना उतरताना कळतं.

तिरफळ | ९ जून, रात्री ८:२०

पारिजातक, तो आकडा बरोबर आहे. जिन्याचं म्हणाल तर बर्लिनमध्ये काही पेशंटच्या कृत्रिम सांध्यांतच मोजयंत्र बसवून भार मोजला होता. सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच पटीहून थोडा जास्त, जिना उतरताना साडेतीन पटीच्या जवळ. चढण्यापेक्षा उतरणं जड. आई हेच सांगायची आणि आम्ही म्हणायचो, "उतरायला काय कष्ट?"

आईला हा धागा वाचून दाखवला. उद्यापासून ओट्याला टेकून बघते म्हणाली.

शेवंती | २१ जुलै, सकाळी ११:००

सहा आठवड्यांचा हिशोब द्यायचा म्हणून आले. केतकीताईंनी मला निरोपात एक चाचणी सांगितली होती. हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. जूनमध्ये ७ झाले होते. काल १०. माझ्या वयाच्या पुढच्या, म्हणजे ६० ते ६४ च्या बायकांत १२ च्या खाली म्हणजे कमी समजतात, तेव्हा अजून पुष्कळ जायचं आहे. उठताना आधी ओटीपोट धरायचं, श्वास सोडत उठायचं, बसताना धपकन न बसता सावकाश. या एका बदलाने कमोडवरून उठतानाची कळ गेली.

दुखणं गेलेलं नाही. पावसाळी हवेत दोन दिवस पाचच्या वर गेलं, तेव्हा फक्त पडून करायचे व्यायाम केले. पण औषधाची गोळी आठवड्याला चार-पाच लागायची, ती आता एखादी. थेंबांचा त्रास निम्म्यावर आला आहे. परवा बाजारातून कोथिंबीर घेऊन चालत आले, वाटेत दोनदा शिंकले, आणि घाबरून जवळपास आडोसा शोधला नाही.

एक गोष्ट अडते. कुशीवर झोपून पाय उचलताना मांडीचा पुढचा भागच दुखतो, खुब्याला काही जाणवत नाही.

केतकी२२ | २१ जुलै, दुपारी २:४०

फार छान, ताई! कुशीवर पाय उचलताना तुमचं शरीर मागे कलत असणार, म्हणून मांडीचा पुढचा स्नायू काम हिसकावून घेतो. पाठ आणि टाच भिंतीला लावून झोपा. टाच भिंतीवरून घासत वर न्या. मोजा घालून केलंत तर सरकेल. पाचव्या-सहाव्यालाच खुब्याला जळजळ जाणवेल. आणि आता ओट्यावरून जरा खाली, पलंगाच्या कडेला हात टेकून करायला हरकत नाही, तेवढा जोर वाढेल.

बोरीबाभळी | २६ जुलै, रात्री ९:५५

आईचं सांगतो. कागद सापडले, बीजकोष दोन्ही काढलेले आहेत. हाडांची तपासणी केली, ठिसूळपणा निघाला, औषध सुरू झालं. तो प्रश्न तुम्ही विचारला नसता तर आम्हाला कळलंही नसतं.

पाय मोकळे करायचे म्हटल्यावर तिने ऐकलं. बहिणीने शिकवलं. शेजारच्या दोन बायका आता दुपारी येतात, तिघी पलंगावर आळीपाळीने पडतात आणि मोजायचं काम माझ्या पाच वर्षांच्या मुलीकडे आहे. तिला वीसपर्यंतच येतं, म्हणून वीसच्या पुढे कुणी जात नाही.

आईने एक विचारायला सांगितलंय. पाण्याची कळशी उचलतानाही ओटीपोट आधी धरायचं का? ती म्हणते, पडून करायचं ते पडूनच संपलं तर काय उपयोग, दिवसभर तर मी उभीच असते.

केतकी२२ | २७ जुलै, सकाळी ८:१०

आईंना सांगा, अगदी तेच करायचं आहे. कळशी अंगाजवळ घ्यायची, ओटीपोट धरायचं, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत उचलायची. आणि काही दिवस कळशी गळ्यापर्यंत न भरता अर्धीच भरायची.